दोन एकर आणि मे महिन्यातली विहीर

१९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातल्या एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर झाले, तेही सरासरीने. भावाभावांत वाटण्या झाल्यावर हातात येतात ते दोन एकर, दीड एकर, आणि कोकणात तर कित्येकांना मोजके गुंठे. अशा तुकड्याचा मालक गावात राहणारा असो, पुण्यात नोकरी करणारा असो की निवृत्त होऊन परत आलेला शिक्षक असो, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणतं पीक लावू? उत्तरंही तयार असतात. कुणी शेवगा सांगतो, कुणी ड्रॅगन फ्रूट, कुणी चंदन, कुणी बंदिस्त शेळीपालन. ज्याने ज्यात पैसा मिळवला तो ते सांगतो, आणि ज्याला रोपं विकायची असतात तो अधिक जोरात सांगतो.

माझं म्हणणं असं की लहान क्षेत्रात पिकाचा प्रश्न सगळ्यांत शेवटी यायला हवा. वीस एकरवाल्याचं एक पीक फसलं तर दुसरं सावरून घेतं. दोन एकरवाल्याला ती मुभा नाही. म्हणून त्याने आधी दोन गोष्टी मोजाव्यात: मे महिन्यात आपल्या वाट्याचं पाणी किती, आणि वर्षातले किती दिवस घरचं माणूस शेतात उभं राहणार. ही दोन उत्तरं मिळाली की पिकांची लांबलचक यादी आपोआप चार-पाच नावांवर येते.

पाण्यापासून सुरुवात करू. "विहिरीला पाणी बरं आहे" हे वाक्य ऐकायला चांगलं वाटतं, पण त्यावर बाग लावता येत नाही. विहीर मोजावी लागते आणि ते अवघड नाही. वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये मोटर लावून विहीर उपसायची, दोराला गाठी मारून पातळी बघायची आणि चोवीस तासांनी पुन्हा बघायची. चार फूट पाणी चढलं, तर विहिरीचा रोजचा पाझर साधारण ३५,६०० लिटर. आता सातबाऱ्यावर बघा. विहीर सामाईक असेल आणि तुमचा हिस्सा चार आण्यांचा असेल, तर तुमचे रोजचे ८,९०० लिटर झाले.

ते किती जमिनीला पुरतील? मराठवाड्यात मेच्या उन्हात जमीन पूर्ण झाकणारं हिरवं पीक दिवसाला सुमारे आठ मिलिमीटर पाणी पितं. एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे ४,०४७ लिटर, म्हणून एकराला दिवसाला जवळपास ३२,००० लिटर लागतात. तुमच्या ८,९०० लिटरमध्ये ठिबकवर दहा-अकरा गुंठे भिजतील. मोकाट पाणी दिलं तर निम्मं पाटात आणि मुळांच्या खाली जाईल आणि पाच-सहा गुंठेच हाती राहतील. कागदावर ऐंशी गुंठ्यांची असलेली शेती उन्हाळ्यात अशी दहा गुंठ्यांची होते. हे ऐकून वाईट वाटतं, पण ते आधी कळलेलं फार बरं. डाळिंबाची तीनशे झाडं लावल्यावर तिसऱ्या उन्हाळ्यात टँकर बोलवायची वेळ अनेकांवर येते, ती याच हिशेबाच्या अभावी.

मग बोअर घ्यावी, असा सल्ला लगेच मिळतो. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा आहे. या खडकात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये साठतं. खोल जाल तसं पाणी वाढेल असा नियम इथे चालत नाही. शेजारच्या चार बोअर मे महिन्यात किती वेळ चालतात, हे पाणाड्याला विचारण्याआधी शेजाऱ्यांना विचारावं.

शेततळ्याबाबतही लोक मापाची गल्लत करतात. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल तळ्यात, बाजूंना एकास एक उतार धरला तर, २,१९६ घनमीटर पाणी मावतं, म्हणजे सुमारे बावीस लाख लिटर. नुसतं तळंच नऊ गुंठे खातं, वरून बांधाची माती आणखी जागा घेते. आता ते भरणार कशाने? ६०० मिलिमीटर पावसाच्या गावात दोन एकरांवर वर्षाला साडेअठ्ठेचाळीस लाख लिटर पाऊस पडतो खरा, पण त्यातला बराचसा जमिनीत मुरतो. वाहून येणारं पाणी दहा ते वीस टक्के धरलं तर पाच ते दहा लाख लिटर. एवढ्यावर ३० बाय ३० चं तळं निम्मंही भरत नाही. मग त्यात प्लास्टिकचा कागद अंथरून ते विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याने भरलं जातं. जमिनीखाली सावलीत असलेलं, सगळ्या शिवाराचं पाणी वर काढून उन्हात उघडं ठेवायचं, असा तो उद्योग होतो. मला हा प्रकार अन्यायाचा वाटतो. दोन एकरांना १५ बाय १५ बाय ३ मीटरचं तळं शोभतं. त्यात ४४१ घनमीटर, म्हणजे चार लाख एकेचाळीस हजार लिटर पाणी राहतं, जागा सव्वादोन गुंठेच जाते आणि ते पावसाच्या वाहत्या पाण्यानेच भरतं. ऑगस्टमध्ये पावसाने ताण दिला किंवा हस्ताचा पाऊस चुकला, तर एका एकराला पन्नास मिलिमीटरच्या जेमतेम दोन पाळ्या त्यातून निघतात. कोरडवाहू पिकाला त्या दोन पाळ्यांनीच जीवदान मिळतं.

पाण्याच्या मापाने शेती ठरवायची ही रीत पुरंदर तालुक्यातल्या नायगावने पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवली आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथली देवस्थानची सोळा हेक्टर जमीन कराराने घेऊन माती-पाणी अडवण्याचं काम केलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा नियम आजही लहान शेतकऱ्याने घरात लावून ठेवावा असा आहे. पाणी जमिनीच्या एकरांवर वाटायचं नाही, माणशी अर्ध्या एकरापुरतं द्यायचं, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचं. भूमिहीनालाही हिस्सा. ऊस लावायचा नाही. आपल्याकडे जमीन कमी आहे ही खंत घेऊन बसणाऱ्याने हे आकडे पाहावेत: पाच माणसांच्या कुटुंबाला अडीच एकर हे पाणी पंचायतीत सगळ्यांत मोठं माप होतं.

जमिनीबद्दल थोडक्यात सांगतो. माती परीक्षणाचा कागद अवश्य काढावा, पण फळझाडं लावायची असतील तर त्याआधी तीन फुटांचा खड्डा खणावा. वरची वीतभर माती सगळीकडे सारखीच दिसते, फरक खाली असतो. दीड फुटावर मुरूम लागला तर सीताफळ, आवळा, चिंच, बोर यांना चालतं. चुनखडीचा पांढरा थर लागला तर मोसंबी आणि संत्री पिवळी पडणार हे समजून घ्यावं. खड्ड्यात पाणी ओतून दुसऱ्या दिवशी बघावं. ते तसंच साचून राहिलं असेल तर तिथे डाळिंब लावू नये, मर रोगाला तिथे आमंत्रणच असतं. भारी काळी जमीन असेल तर फळबागेच्या मोहात न पडता रब्बी ज्वारी आणि हरभरा घ्यावा. मालदांडी ज्वारी पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर पदरात पडते आणि वर कडबा देते. ती जमीन त्याच पिकासाठी घडलेली आहे.

माणसाचा हिशेब पाण्यापेक्षा नाजूक असतो, कारण त्यात घरातलं बोलावं लागतं. भेंडी, गवार, काकडी यांची तोडणी एक दिवसाआड करावी लागते. दोन तोडण्या चुकल्या की भेंडी निबर होते आणि झाडही थकतं. मोटरची लाइट आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. शनिवार-रविवार येणाऱ्या माणसाने भाजीपाल्याचं नाव काढू नये, मग बाजार कितीही तेजीत असो. पॉलिहाऊसला तर त्याहून बारीक लक्ष लागतं आणि कर्ज मोठं असतं. पहिल्याच वर्षी त्यात उतरणाऱ्याला मी हात जोडून थांबवीन.

आणि म्हणूनच उसाला नुसती नावं ठेवून भागत नाही. ऊस पाणी अतोनात पितो, बारा ते अठरा महिने जमीन अडवतो, हे खरं. पण लहान शेतकरी त्याच्याकडे वळतो याला कारण आहे. गिऱ्हाईक ठरलेलं, तोडायला कारखान्याची टोळी येते, भाव आधी जाहीर होतो, माकड आणि चोर यांचा त्रास कमी, आणि मालक मुंबईत असला तरी पीक उभं राहतं. ज्याच्या घरात शेतात राबणारं माणूस नाही त्याने केलेला तो शहाणपणाचाच विचार असतो. उसाला पर्याय सुचवायचा तर तो कमी पाण्याचा हवा आणि कमी माणसांचाही. भाजीपाला पहिली अट कशीबशी पाळतो, दुसरी मुळीच नाही.

असा पर्याय बहुतेक ठिकाणी झाडांतच सापडतो. सीताफळ पाच बाय पाच मीटरवर लावलं तर एकरात १६० झाडं बसतात. सुरुवातीच्या उन्हाळ्यांत रोपाला दिवसाला दहा लिटर दिलं तरी एकराचं मिळून १,६०० लिटर होतं, वरच्या आपल्या चार आण्याच्या हिश्श्यातला पाचवा भाग. बुंध्याशी पाचटाचं आच्छादन केलं तर तेही कमी करता येतं. शेळी सीताफळाचा पाला खात नाही, ही कुंपण नसलेल्या रानात मोठी गोष्ट आहे. एका चौकोनी एकराला कुंपण घालायचं तर अडीचशे मीटरहून अधिक तार लागते, आणि तो खर्च कित्येकदा रोपांच्या खर्चापेक्षा जास्त होतो. कोकणात हीच जागा काजूची. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून आलेली वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही कलमं सात बाय सात मीटरवर एकरी ऐंशीच्या आसपास बसतात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरू लागतात. पण चाकरमान्याने एक लक्षात ठेवावं. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे असतो, बी पडेल तसं गोळा करावं लागतं, आणि त्याच दिवसांत वणवे लागतात. बागेभोवती गवत काढून जाळरेषा केली नाही तर दहा वर्षांची झाडं एका दुपारी जातात. गावात कुणाशी तरी हिस्सा ठरवल्याशिवाय तिथे बाग टिकत नाही.

झाडं मोठी होईपर्यंत खायचं काय, या प्रश्नावर बाएफ संस्थेच्या वाडी कार्यक्रमाने चांगलं काम करून ठेवलं आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला ही संस्था स्थापन केली. १९८२ मध्ये गुजरातमधल्या वांसदा भागात आदिवासी कुटुंबांबरोबर वाडीला सुरुवात झाली आणि पुढे ती जव्हारसारख्या भागांतही आली. एकेका कुटुंबाने साधारण एकरभर उताराच्या जमिनीवर आंबा आणि काजूची कलमं लावायची, मधल्या जागेत नाचणी, भात, कडधान्यं, भाजी घ्यायची आणि कडेला लाकूडफाट्याची झाडं उभी करायची. जव्हारच्या काही कुटुंबांनी त्यात मोगरा लावला. मोगऱ्याला जागा थोडी लागते आणि मुंबईची फुलबाजारपेठ एका रात्रीच्या अंतरावर आहे. पाण्याच्या, माणसांच्या आणि बाजाराच्या अंतराच्या मापात पीक कसं बसवावं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. तिथली माणसं पहाटे उठून कळ्या खुडायला घरातच होती. तोच मोगरा लातूरच्या एखाद्या आडगावात, पुण्यात राहणाऱ्या मालकाने लावला तर कळ्या झाडावरच उमलून जातील.

घरात दोन जोड्या हात असतील, तर शेळी आणि रेशीम यांचा विचार करता येतो. दहा शेळ्या आणि एक बोकड यांना दिवसाला पंचेचाळीस-पन्नास किलो हिरवा चारा लागतो. तो दहा गुंठे नेपिअरवर भागू शकतो. पण उन्हाळ्यात पाणी असलेले आपले गुंठे तेवढेच आहेत! नेपिअर लावला तर भाजी नाही. म्हणून बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ आधी लावावीत, त्यांचा पाला कमी पाण्यात मिळतो. उस्मानाबादी शेळी कोरड्या भागाला मानवते आणि बऱ्याचदा जुळी करडं देते. रेशमात पैसा लवकर फिरतो. बाल्यावस्थेतले कीटक आणून घरी वाढवले तर कोष महिन्याच्या आत तयार होतात आणि जालन्यात आता कोषांचा बाजारही आहे. मात्र अळ्यांना दिवसातून दोन-तीनदा ताजा पाला लागतो आणि शेजारच्या कपाशीवरच्या कीटकनाशकाचा वारा तुतीवर आला तर अख्खी बॅच मरते. तुती लावण्याआधी वाऱ्याच्या बाजूचा शेजारी काय पिकवतो हे पाहावं.

आता पैशाचं. सोयाबीन एकरी आठ क्विंटल झालं आणि २०२४-२५ चा ४,८९२ रुपये हमीभाव खरोखर मिळाला, तर एकरी ३९,१३६ रुपये येतात. बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणी जाऊन त्यातले निम्मे उरले तरी दोन एकरांवर वर्ष निघत नाही. धान्य विकून दोन एकरांत संसार चालवता येत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण तेच धान्य घरात खाल्लं तर हिशेब बदलतो. शेतकरी तूर घाऊक भावाने विकतो आणि डाळ किरकोळ भावाने विकत आणतो. मधला सगळा पैसा अडत, वाहतूक, गिरणी आणि दुकानात जातो. पाच माणसांना दिवसाला पाव किलो डाळ धरली तर वर्षाला नव्वद किलोंवर डाळ लागते. बांधाच्या कडेने आणि आंतरपीक म्हणून घेतलेल्या तुरीतून ती निघू शकते. लहान शेताला सगळ्यांत चांगला भाव देणारं गिऱ्हाईक म्हणजे आपलं घर, आणि त्यानंतर तालुक्याच्या गावातली आपल्या ओळखीची चाळीस घरं.

हा विचार कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी फार पुढे नेला होता. प्रयोग परिवार या नावाने त्यांनी शेतकऱ्यांना एकमेकांचे प्रयोग तपासायला शिकवलं आणि ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकात मांडणी केली. शेती म्हणजे ऊन पकडणं, हा त्यांचा गाभ्याचा मुद्दा. पानावर न पडता उघड्या मातीवर पडलेलं ऊन वाया गेलं. म्हणून उंच, मध्यम आणि बुटक्या वनस्पती अशा लावाव्यात की वर्षभर कुठलं ना कुठलं हिरवं पान ऊन घेत राहील, आणि सगळा काडीकचरा पुन्हा मातीत जाईल. नेमकं, मोजून वापरलेलं पाणी आणि दहा गुंठे जमीन यांवर एका कुटुंबाचं भागू शकतं, असं ते सांगत. प्रत्येकाला ते जमेल असं मला वाटत नाही, त्याला अभ्यासाची आणि रोजच्या हजेरीची शिस्त लागते. पण उन्हाळ्यात आपल्याकडे पाणी असलेले गुंठेही दहाच निघाले होते. त्यांच्यावर दाभोळकरांच्या पद्धतीने जीव लावावा, आणि उरलेले सत्तर गुंठे पावसावर आणि झाडांवर सोपवावेत.

कागदांचं काम कंटाळवाणं असलं तरी रोप लावण्याआधी उरकावं. सातबाऱ्यावर विहिरीचा हिस्सा लिहिलेला आहे का, भोगवटादार वर्ग एक की दोन, इतर हक्कांत कुणाचं नाव आहे का, हद्दीची मोजणी कधी झाली, हे पाहावं. शेतात जायला रस्ता नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. ट्रॅक्टर आणि टेम्पो बांधापर्यंत येत नसेल तर टोमॅटोपेक्षा तूर बरी.

शेती वाट्याने द्यायची की नाही, यावर घराघरांत वाद असतो. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्याला जमिनीचा मालक केलं. त्या वेळी ते न्यायाचंच होतं. पण त्याची आठवण मागे राहिली आणि अजूनही अनेकजण, विशेषतः कोकणात, दुसऱ्याला कसायला देण्यापेक्षा जमीन पड ठेवणं पसंत करतात. जे देतात ते तोंडी, एका हंगामापुरतं देतात. एका हंगामासाठी घेतलेल्या जमिनीत कुणी शेणखत टाकत नाही, बांध दुरुस्त करत नाही, झाड तर लावतच नाही. जमीन द्यायचीच असेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्यावा आणि कसणाऱ्याशी खत आणि बांधबंदिस्तीचा खर्च कोण करणार हे लिहून ठरवावं. ज्याला पीक कर्ज आणि पीक विमा मिळणार नाही त्याच्याकडून अर्धा वाटा मागणं जड होतं, हेही मालकाने मनात धरावं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी पहिलं वर्ष असं घालवायला सांगेन. जूनमध्ये एका एकरात ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यात गाडावा, दुसऱ्यात सोयाबीन आणि तूर घ्यावी. पावसाळ्यात छत्री घेऊन रानात जावं आणि पाणी कुठून शिरतं, कुठून माती घेऊन बाहेर पडतं ते पाहावं. तळ्याची जागा तेव्हाच कळते. बांधावर शेवरी आणि शेवगा त्याच पावसात लावावा. दिवाळीनंतर पाच गुंठ्यांत घरापुरती भाजी करून आपल्याला शेतात जायला किती दिवस जमतं ते खरं खरं मोजावं. विहिरीची पातळी दर पंधरवड्याला वहीत लिहावी. फळझाडांचे खड्डे मेमध्ये खणून उन्हात तापू द्यावेत आणि विहीर उपसून तिचं माप त्याच महिन्यात घ्यावं. कलमं त्यानंतरच्या पावसात लावायची, आणि चांगल्या रोपवाटिकेत त्यांची नोंदणी काही महिने आधी करावी लागते.